नाव झाकले, घर उघडे

नौपाडा, ठाणे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

'न्यायालय नाव छापू नका म्हणते, पण मोबाइलवर ते केव्हाच फिरलेले असते. मग आम्ही ते लपवतो तरी कोणापासून?' असे तू वृत्तपत्राच्या रात्रपाळीला निघताना फोनवर विचारलेस. स्टेशनच्या गोंगाटात मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहितो.

एका साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला तोंडी आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६६ साली मिरजकर प्रकरणात बहुमताने वैध ठरवला. तेव्हा तोंडी सांगणे पुरण्यासारखे होते, कारण ज्यांना थांबवायचे ते वार्ताहर त्याच दालनात बसत. २०१८ साली न्यूझीलंडमध्ये एका ब्रिटिश तरुणीच्या खुनातील आरोपीचे नाव तात्पुरते झाकले गेले, तेव्हा ब्रिटनच्या वृत्तपत्रांनी ते छापले आणि गूगलच्या ईमेलने ते न्यूझीलंडमधल्याच लोकांना घरपोच केले. अशा गाजलेल्या आरोपीच्या बाबतीत तुझे म्हणणे मला मान्य आहे.

अत्याचारपीडित मुलीचे मात्र तसे नाही. तिथे न्यायालयाच्या वेगळ्या आदेशाचीही गरज नसते. १९८३ पासून कायदाच आहे, सध्या तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये असून शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. ओळख पटेल असा कोणताही तपशील छापू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निपुण सक्सेना प्रकरणात बजावले. आणि चूक होते ती त्या तपशिलातच. न्यायालयात लघुलेखक असताना मी एका निकालपत्रात सर्वत्र 'पीडिता' असे काळजीपूर्वक टंकले, पण साक्षीदारांच्या यादीत 'पीडितेची आई' या शब्दांपुढे आईचे पूर्ण नाव चाळीतल्या खोली क्रमांकासकट तसेच राहिले. न्यायाधीश साहेबांनी सहीआधी त्याभोवती लाल शाईने गोल काढला. बोलले काहीच नाहीत; ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्याच खटल्याच्या बातमीत एका वृत्तपत्राने मुलीची इयत्ता दिली, दुसऱ्याने गल्ली आणि तिसऱ्याने वडिलांचा धंदा. नाव कोणीच छापले नव्हते, तरी आपल्या वॉचमनने तिन्ही अंक वाचून संध्याकाळपर्यंत घर सांगितले. नाव लपवायचे असते ते त्या गल्लीपासून, कारण मुलीला रोज त्याच गल्लीतून शाळेत जायचे असते, आणि त्या गल्लीला नाव नव्हे, खूण पुरते. तेव्हा अशी बातमी सोडण्यापूर्वी कालचा आपला अंक आणि इतरांचे दोन-तीन अंक समोर घेऊन बस, आणि त्यांत जी खूण आलेली नाही ती तुझ्या बातमीतून काढून टाक.

तुझे बाबा