बाबा, त्या कॅप्सूलबद्दल

बोस्टन, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न.

काल फोनवर आई दबक्या आवाजात म्हणाली, "चार दिवस झाले, ह्यांनी कॅप्सूल घेतलेली नाही. डबी देवघराच्या फळीवर तशीच आहे." बाबा, लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडच्या कुळातलं औषध आहे असं तुम्ही कुठेतरी वाचलंत आणि मनात धरलंत. वाचलंत ते खरं आहे. म्हणूनच फोनवर घाईत न बोलता लिहायला बसले.

1957 मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड झोपेची गोळी म्हणून विकायला आली. गरोदर बायकांनी ती मळमळीवरही घेतली. आखूड हातांची, काही तर हातच नसलेली हजारो मुलं जन्मली. 1961 च्या नोव्हेंबरात तिथे तिची विक्री थांबली. त्या मुलांचे फोटो मी पाहिले आहेत, त्यामुळे तुमची भीती मला कळते.

पण तीच गोळी 1964 मध्ये जेरुसलेमच्या जेकब शेस्किन यांनी एका कुष्ठरुग्णाला झोप यावी म्हणून दिली, आणि त्याच्या दुखऱ्या लाल गाठीच बसल्या. ती रिॲक्शन तुम्ही वरोऱ्याला असताना पाहिली आहे. पुढे 1999 मध्ये अमेरिकेत मायलोमाच्या, म्हणजे तुम्हाला झालेल्या अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या, 84 रुग्णांवरचे निकाल आले. बाकी उपाय थकलेले लोक होते ते, आणि त्यांतल्या साधारण एक तृतीयांश जणांना गुण आला. का आला, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाबा, तुम्ही तीस वर्षं जंगलात मार्किंग केलंत. बुंधा तासून हातोड्याचा छाप मारला की मजूर तेच झाड पाडायचे, शेजारच्या सागाला हात लावायचे नाहीत. पेशीतही असंच चालतं. मोडीत काढायच्या प्रथिनावर युबिक्विटिनचा छाप बसतो आणि प्रोटिएसोम नावाचं यंत्र त्याचे तुकडे करतं. हे शोधणाऱ्या तिघांना 2004 चं नोबेल मिळालं. छाप कुणावर मारायचा हे ठरवणारे पेशीत पुष्कळ जण असतात. त्यांतला एक सेरेब्लॉन. थॅलिडोमाइड जाऊन बसतं ते ह्याच सेरेब्लॉनवर, हे 2010 मध्ये जपानमधल्या हिरोशी हांडा यांच्या गटाने दाखवलं. 2014 मध्ये इथल्याच बेंजामिन एबर्ट आणि विल्यम केलिन यांच्या प्रयोगशाळांनी पुढची गाठ सोडवली. लेनालिडोमाइड बसलं की सेरेब्लॉन इकारोस आणि आयोलोस ह्या दोन प्रथिनांवर छाप मारतं, आणि मायलोमाची पेशी त्या दोघांच्या आधारावर जगते. हातोडा तोच, मजूर तेच, झाड मात्र दुसरं.

गर्भातल्या बाळाच्या हातापायांच्या वाढीला लागणारं सॅल-4 हे प्रथिनही थॅलिडोमाइडमुळे असंच छापलं जातं, हे 2018 मध्ये कळलं. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये आणि सॅल-4 मध्येही थोडासा फरक आहे, म्हणून उंदरात हा छाप पडत नाही. केवढ्याशा फरकामागे केवढा घात लपून राहिला! तर बाबा, ज्या पकडीने त्या मुलांचे हात नेले, तीच पकड तुमच्या हाडांतला रोग मारते आहे.

सात वर्षं मी प्रयोगशाळेत हेच बघते. पेशींवर औषध घातलं की काही तासांत, प्रथिन किती उरलं ते दाखवणाऱ्या चाचणीत, इकारोसची काळी पट्टी पुसट होत जाते. तुमचा रिपोर्ट आल्यापासून ती पट्टी पाहताना मला तुमचा खचलेला मणका दिसतो. परवा तर मला तिथून उठून बाहेर यावं लागलं.

औषध रोग मुळासकट उपटत नाही. तो पुष्कळदा परततो, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण मधला काळ आपला असतो, आणि तो मला हवा आहे.

उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करून चार दिवस चुकल्याचं सांगा आणि ते म्हणतील तसं सुरू करा. चुकलेल्या मिळून एकदम घेऊ नका. 21 दिवस घ्यायची, 7 दिवस बंद, हे आई कॅलेंडरवर लिहील. रक्ताची तपासणी चुकवू नका. पाय सुजला, दुखला किंवा दम लागला तर लगेच दवाखाना गाठा, रक्ताची गुठळी होऊ शकते.

आई, वहिनीला पाचवा महिना आहे. तिने कॅप्सूलला हात लावायचा नाही, सांडली तरी उचलायची नाही. कॅप्सूल कुणी उघडायची नाही. डबी देवघरातून आजच हलव आणि बाबांच्या कपाटात कुलपात ठेव.

तुमची,
छोटी