गिरणीच्या भिंती पाडायची एवढी घाई कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या जुन्या कारखान्यांत झालेल्या घरांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. तसलं एक घर मी आतून पाहिलं आहे. माझी भाची मँचेस्टरच्या अँकोट्स भागात एका जुन्या सूतगिरणीत राहते. तिच्या स्वयंपाकघरात बिडाचा खांब आहे आणि त्याला वरच्या अंगाला चार बोल्टांची भोकं. ती कशाची, हे तिला ठाऊक नव्हतं. मी फिटर, बघताक्षणी म्हटलं, इथे शाफ्टिंगचा, म्हणजे यंत्रं फिरवणाऱ्या लांब दांड्याचा ब्रॅकेट होता. तिथली मरे बंधूंची गिरणी तर १७९८ सालची. तिच्यातही आता बिऱ्हाडं आहेत.

आपल्याकडे मुंबईत काय झालं? श्रीनिवास मिल भुईसपाट होऊन टॉवर उभे राहिले. फिनिक्सची चिमणी उरली, तीही मॉलची शोभा म्हणून. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची उरली. इमारत पाडून निघालेली जागा मालकाच्या पदरात. सुप्रीम कोर्टानेही २००६ मध्ये हे मान्य केलं. मग भिंती कोण राखणार?

सगळ्याच गिरण्या राहण्याजोग्या होत्या, असं मी म्हणत नाही. साचा खात्याच्या, म्हणजे विणकामाच्या बैठ्या शेडमध्ये उजेड येतो तो छपरातून. तिथे संसार कसला थाटता? लाकडी तक्तपोशी असली तर तिच्यात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं, ठिणगी पडायचा अवकाश. पण सूतखात्याच्या मजली इमारतींची गोष्ट निराळी. जाड भिंती, ओळीने मोठाल्या खिडक्या आणि पोटमाळा निघेल एवढी उंची. रात्रंदिवस यंत्रांची थरथर सोसलेल्या इमारतीला माणसांचं ते काय ओझं! खरी अडचण मोऱ्या-संडासांची, नळ सगळे नव्याने टाकावे लागतील. आणि मधल्या भागात अंधार असतो, तिथे जिने-लिफ्ट घ्यावेत.

गिरणी कामगारांसाठीच्या घरांना दीड लाखाहून जास्त कामगार-वारसांनी अर्ज केले. २०१२ ते २०२० च्या सोडतींत घरं निघाली १५,८७०. बाकीच्यांना आता मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवरचं शेलू-वांगणी दाखवतात. उभा जन्म लालबाग-परळात काढलेल्या माणसाने सत्तरीत कर्जत लोकलला लोंबकळायचं का?

टाटा आणि पोदार या एनटीसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांची चाकं मार्च २०२० पासून थांबली आहेत. तिथल्या मजली इमारतींची आधी तपासणी करावी, अहवाल लोकांसमोर ठेवावा आणि ज्या टिकाऊ निघतील त्यांत कामगारांना घरं द्यावीत. पाडापाडीच्या निविदा त्यानंतर. सल्लागार नेमाल तेव्हा दोन-चार जुने फिटर, मेस्त्रीही सोबत घ्या. कुठली तुळई कधी बदलली, कुठे पाणी मुरतं, ते आम्ही फुकट दाखवू.

आपला,
एक निवृत्त गिरणी कामगार, काळाचौकी, मुंबई