विसापूरला जाण्याआधी वाच

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, शनिवारी विसापूर किल्ला. एकटीच." मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मग रात्रभर कूस बदलत राहिले. जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. पण वाट सांगितल्याशिवाय तुला पाठवणारही नाही.

तू ठरवलेली फेरी चांगली आहे. मळवलीला लोकलमधून उतरायचं, एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडून भाजे, तिथून गायमुख खिंड, खिंडीतून विसापूर, आणि पलीकडे पाटण गावात उतरून परत मळवली. फक्त दिशा उलटी करू नकोस. खिंडीच्या बाजूची घळ धोंड्यांची आहे. ती चढताना हाताला आधार मिळतो, पण दमलेल्या गुडघ्यांनी उतरताना तिथेच पाय मुरगळतो. पाटणच्या बाजूला पायऱ्या आहेत. अवघड बाजूने चढावं आणि सोप्या बाजूने उतरावं.

एक गोष्ट नीट लक्षात घे. आल्या वाटेनेच परतायचं असलं की उतरताना प्रत्येक वळण ओळखीचं असतं. फेरीत तसं नसतं. दिवसाचा दुसरा अर्धा भाग, पाय थकलेले, पाणी संपत आलेलं, आणि नेमकी तेव्हाच वाट नवी. म्हणून माथ्यावर पोचलीस की आधी जेवायला बसू नकोस. आधी उतरायच्या पायऱ्यांचं तोंड शोध, डोळ्यांनी पाहून ठेव, आणि मग डबा उघड. दुपारी दोनपर्यंत ते सापडलं नाही, तर हट्ट न करता आल्या घळीने हळूहळू खाली ये. ऑक्टोबरात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, आणि डोंगराच्या सावलीत त्याच्याही आधी अंधारतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. कॉलेजात असताना जुलैमध्ये आम्ही दहाबारा जण विसापूरला गेलो होतो. मी पाण्याच्या एका टाक्याशी रेंगाळले आणि तेवढ्यात ढग खाली आले. गडाचा माथा केवढा सपाट आणि पसरट आहे ते तू बघशीलच. धुक्यात तिथे दहा पावलांपलीकडे काही नव्हतं. मी हाका मारत सरळ चालले, असं मला वाटलं, आणि पुन्हा त्याच टाक्याशी आले. दुसऱ्यांदाही तेच. मग रडू आवरून हळूहळू एकाच दिशेने पाय टाकत राहिले, ते तटबंदीला हात लागेपर्यंत. तिथून तट डाव्या हाताला धरून चालत राहिले. जवळजवळ तासाने शिट्टी ऐकू आली. तुझ्या आजीला हे कधी कळलं नाही.

पण त्या तासातलं आणखी एक मी कुणालाच सांगितलेलं नाही. भीती ओसरल्यावर, तटाचे ओले दगड हाताला लागत होते, खाली कुठेतरी पाणी पडत होतं, आणि मला वाटलं, शिट्टी जरा उशिरा यावी. तू एकटी का जातेस, हे म्हणूनच मला विचारावं लागलं नाही.

तर धुकं आलं की तट गाठ. गवत आता कमरेएवढं असेल, त्यात ढोरवाटा फार. रुळलेली वाट एकाएकी पातळ झाली, पुढे नुसती कारवी दिसली, की पन्नास पावलं मागे ये. अनोळखी घळीत "खाली गाव दिसतंय" म्हणून उतरू नकोस, गाव दिसतं आणि मध्ये कडा असतो. अत्तर लावू नकोस, कड्यांना आग्यामाशांची पोळी असतात. पाणी तीन लिटर, शिट्टी, टॉर्च. मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घे, पण बॅटरी फोटोंवर उडवू नकोस. खिंडीतल्या टपरीवर चहा घे आणि मी पाटणात उतरणार आहे, असं त्यांना सांगून जा. कुणीतरी तुला जाताना पाहिलेलं असावं.

सकाळी लवकर पोचलीस तर भाजे लेणी बघ. बावीस लेणी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची, आणि ती खोदलेली आहेत याच विसापूरच्या पोटात. शेजारचा लोहगड मात्र या खेपेला सोड. दोन्ही एका दिवसात उरकायची घाई नको. माथ्यावरून तो समोर दिसेलच, विसापूरपेक्षा थोडा बुटका. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी विसापूर घेतला आणि लगेच लोहगडही गेला, तो याच उंचीमुळे. तिथे उभी राहिलीस की ते न सांगता कळेल. सोनकी अजून फुललेली असेल, तर माझ्यासाठी एक फोटो काढ. एकच.

मळवलीच्या फलाटावर पोचलीस की मेसेज नको, फोन कर. मी सहापासून फोन जवळ घेऊन बसलेली असेन.

तुझी,
आई