तयार घ्यावा की जोडावा?

प्रिय निखिल,

तुझं पत्र मिळालं. दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या. एक तयार संगणक आणि दुसरीकडे तूच जोडायचे सुटे भाग. किमतीत फारसा फरक नाही म्हणून तू अडून बसलायस. माझं मत आधीच सांगतो: तुझा संगणक तू स्वतः जोड.

पैसे वाचतील म्हणून हे सांगत नाहीये. ते कधी वाचतात, कधी नाही. मोठ्या कंपन्या भाग घाऊक भावात उचलतात, विंडोजचा परवानाही त्यांना स्वस्त पडतो. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांची टंचाई होती, तेव्हा सुट्या कार्डामागे धावण्यापेक्षा अख्खा तयार संगणक घेणं अनेकांना परवडलं.

मला खटकतं ते जाहिरातीत गाळलेलं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठळक अक्षरांत, कारण गिऱ्हाईक तेवढंच वाचतं. रॅमपुढे नुसतं '१६ जीबी'. ती एका पट्टीत आहे की आठ-आठच्या दोन, याचा पत्ता नाही. एकच पट्टी असली तर प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन वाटांपैकी (चॅनेल) एकच वापरात येते आणि मेमरीचा कमाल वेग निम्म्यावर येतो. एसएमपीएसचे फक्त वॅट लिहिलेले, कोणाचा, कोणत्या दर्जाचा ते नाही. खरं तर सगळ्या भागांना वीज पुरवणारा तोच, त्यामुळे काटकसर तिथे नकोच.

त्याहून मोठा प्रश्न पुढच्या वर्षांचा. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक आणलं. मदरबोर्डाचं, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डाचं माप, स्क्रूची भोकं, विजेच्या जोडण्या सगळं ठरलेलं. म्हणूनच आज घेतलेल्या कॅबिनेटमध्ये काही वर्षांनी दुसऱ्याच कंपनीचा बोर्ड बसतो. काही तयार संगणकांत मात्र कंपनीने स्वतःच्या मापाचा बोर्ड आणि स्वतःच्या पिनांचा एसएमपीएस घातलेला असतो. तो वॉरंटी संपल्यावर गेला की बाजारातला लागत नाही, त्याच कंपनीचा शोधत बसायचं. एका भागापायी चांगलं चालणारं मशीन अडून राहतं, याचा मला मनापासून राग येतो. याउलट एएमडी कंपनीचं एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा बघ. त्यावर पहिले रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये आले आणि २०२२ मधला रायझन ५८००एक्स३डी त्या सॉकेटच्या बऱ्याच जुन्या बोर्डांवर नुसतं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून चालला. अशी सोय तुझ्या हातात राहावी असं मला वाटतं.

आता तुझी भीती. 'काही मोडलं तर?' असं तू दोनदा लिहिलंयस. सगळ्यात जपायची जागा म्हणजे सॉकेट. एएम४ वर पिना प्रोसेसरला होत्या, पण हल्लीच्या नव्या सॉकेटांत पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात आणि केसासारख्या नाजूक असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळव, अलगद ठेव, वरून दाबू नकोस. बाकी बहुतेक जोडण्या उलट्या बसूच नयेत अशाच बनवलेल्या असतात. चार खाचा असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात, तरी मॅन्युअल बघच. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डाला लाव. एका एसएमपीएसच्या सुट्या केबली दुसऱ्याला कधीही लावू नकोस, टोकं सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि भाग जळतात.

आणि हे नीट लक्षात ठेव: डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम असली तर पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. बोर्ड तेव्हा मेमरीची जुळवणी करत असतो. घाबरून बंद करू नकोस. चालू झालं की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू कर. नाहीतर रॅम खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालतच नाही आणि अनेकांना ते कळतही नाही.

एक गोष्ट मात्र तयार संगणकाच्या बाजूने मान्य करायलाच हवी. बिघाड झाला की एकच फोन, एकच जबाबदार माणूस. स्वतः जोडलेल्यात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी आणि दोष कुठे आहे हे आधी आपणच शोधायचं. त्यासाठी रॅमची एक पट्टी काढून बघ, दुसरा एसएमपीएस लावून बघ, असा वेळ जातो. तुला तो वेळ आहे आणि खोलात जायची आवडही. ताईच्या ऑफिसातल्या हिशेबाच्या मशीनसाठी मात्र तयारच घ्या. तिचं काम एक दिवसही थांबून चालणार नाही. फक्त घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी आहे ना, ते विचारा.

तुझ्या यादीत दोनच बदल सुचवतो. कॅबिनेटमध्ये किती लांबीचं कार्ड मावतं ते तपास, तू निवडलेलं तीन पंख्यांचं कार्ड लांबलचक असणार. दुसरं म्हणजे तू इंटेलचा जो प्रोसेसर घेतलायस त्याच्या नावाशेवटी 'एफ' आहे, म्हणजे त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. बिनएफचा घे. उद्या कार्ड दुरुस्तीला गेलं तरी पडदा चालू राहील, शिवाय त्या अंगच्या ग्राफिक्समधल्या क्विक सिंक या व्हिडिओ झटपट हाताळणाऱ्या सोयीमुळे तुझ्या व्हिडिओ एडिटिंगलाही मदत होईल. हे बदल करून यादी पुन्हा पाठव, मी एकेक भाग एकमेकांशी जुळतोय का ते बघतो. मगच ऑर्डर दे.

तुझा,
समीर