पोटाचा जंतू तोंडातही सापडतो

महोदय,

मी घाटंजी तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. आमच्या भागात ‘पोटात आग पडते’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मेडिकलमधून पित्ताची गोळी आणायची, सोड्याची पुडी पाण्यात टाकून प्यायची, ढेकर आला की बरं वाटतं. चार दिवसांनी पुन्हा तेच. यातल्या बऱ्याच जणांच्या हिरड्या सुजलेल्या असतात, दातांच्या मुळाशी पिवळं किटण असतं. एक काकू पदर तोंडावर धरूनच बोलतात. म्हणाल्या, “ताई, तोंडाचा वास येते, म्हून मी भजनात मांगंच बसतो.”

हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठरात घर करतो. तो अमोनिया तयार करतो आणि पोटातल्या आम्लातही तग धरतो. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हा जंतू स्वतः पिऊन पाहिला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, जठराला सूज आली आणि तोंडाला दुर्गंधीही येऊ लागली. सहकारी डॉक्टर रॉबिन वॉरेन यांच्यासह त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. जठराच्या कर्करोगालाही हा जंतू कारणीभूत ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1994 मध्येच मान्य केलं.

हाच जंतू दातांवरच्या किटणात आणि लाळेतही सापडतो. पोटाच्या औषधांसोबत हिरड्यांची सफाई केली तर तो जाण्याचं प्रमाण वाढतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे मात्र पोटाचा कागद वेगळा, दाताचा वेगळा. त्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा दिवसभर गालात. हिरड्या तर त्यानेही खराब होतात, म्हणून सगळा दोष जंतूवर टाकता येणार नाही, पण खर्रा खातो म्हटल्यावर पोटाचं कोणी विचारतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

माझी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे. ग्रामीण रुग्णालयात दात दाखवायला येणाऱ्याला जळजळीबद्दल विचारा. जुनं दुखणं असेल तर या जंतूची शौच तपासणी तालुक्यालाच होऊ द्या. यवतमाळला जायचं म्हणजे मजुरी बुडते. पित्ताची गोळी चालू असेल तर तपासणीत जंतू लपू शकतो, म्हणून ती दोन आठवडे आधी थांबवायची असते, हेही डॉक्टरांनी रुग्णाला सांगावं. आणि औषध सुरू झालं की त्याच सुमारास हिरड्यांची सफाईही करून द्या.

– एक आशा स्वयंसेविका, ता. घाटंजी, जि. यवतमाळ