जवानाच्या तक्रारीची पोच

संपादक महोदय,

एखाद्या जवानाचा तक्रारीचा व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागला की ‘बिचारा’ आणि ‘बेशिस्त’ असे दोनच निकाल लागतात. तक्रारीची रीतसर वाट कायद्यात आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

सेना कायदा, 1950 च्या कलम 26 नुसार अन्याय झालेला जवान कंपनी कमांडरकडे, म्हणजे आपल्या तुकडीच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे, तक्रार करू शकतो. तक्रार कंपनी कमांडरविरुद्धच असेल तर ती त्याच्या वरच्या साहेबांकडे नेता येते. त्यात शिस्तभंग नाही. घोडे अडते ते खाली. ‘साहेबांना कशाला त्रास, बघू आपण’ म्हणत अर्जी जेसीओच्या (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकाऱ्याच्या) खिशात जाते, आणि तोंडी अर्जीला तर तारीखच नसते. पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे सैनिकांच्या दाव्यांच्या न्यायालयात (मुंबईतही त्याचे पीठ आहे), जायचे तर आधी खात्यातले मार्ग संपवावे लागतात, नाहीतर 6 महिन्यांत निर्णय आला नाही हे दाखवावे लागते. पोच नसेल तर हे 6 महिने कुठून मोजणार? म्हणून तक्रार लेखीच द्यावी, 2 प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्यावा. प्रत्येक कंपनी ऑफिसला हे सक्तीचे करायला खर्च शून्य आहे. 2017 मध्ये तक्रारपेट्यांची घोषणा झाली. पेटी असावीच, पण पेटी पोच देत नाही.

लिहिण्यातही चुका होतात. पाच जणांनी एकाच कागदावर सह्या केल्या की गाऱ्हाणे राहते बाजूला आणि चौकशी सह्यांची होते. सामूहिक तक्रार लष्करात चालत नाही, ज्याची त्याने स्वतंत्र द्यावी. ‘नेहमी छळतात’ असे मोघम नको. कोणी, कुठे, कोणत्या तारखेला, कोणासमोर, एवढे लिहावे. जाणूनबुजून खोटे लिहिल्यास कलम 56 खाली 5 वर्षांपर्यंत कैद आहे. घरच्यांनी आमदारांचे पत्र जोडण्याचा मोहही टाळावा, ते बहुधा जवानाच्याच अंगाशी येते.

आता वागणुकीचे. हाताखालच्या जवानावर हात उचलणाऱ्या किंवा त्याला छळणाऱ्या अधिकारी, जेसीओ वा एनसीओला (हवालदार, नाईक वगैरेंना) कलम 47 खाली 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चुकलेल्या जवानाला सीओ साहेबांना (युनिटच्या प्रमुखांना) कलम 80 खाली 28 दिवसांपर्यंत कोठडी देता येते, जादा ड्युटी लावता येते. पण त्याआधी सेना नियमांतील नियम 22 प्रमाणे आरोप जवानासमोर ऐकावा लागतो, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावे लागतात. थोबाडीत मारणे त्या शिक्षांच्या यादीत नाही. पीस स्टेशनवर (सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर) भर दुपारी पाठीवर पिठ्ठू, म्हणजे सामानाची जड पिशवी, बांधून पळवणेही नाही. रगड्याशिवाय, म्हणजे अशा अंगमेहनतीच्या शिक्षेशिवाय, माणूस सुधारत नाही म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

सहायकाचे, म्हणजे अधिकाऱ्याच्या दिमतीला दिलेल्या जवानाचेही तेच. साहेबांची वर्दी, हत्यार, रेडिओ सेट सांभाळणे हे सैनिकी काम झाले. हुकूम मोडल्याबद्दलचे कलम 41 कायदेशीर हुकमापुरते आहे. बंगल्यावरचा कुत्रा फिरवणे माझ्या मते त्यात बसत नाही.

– एक माजी सैनिक, सातारा