शेतीचे पाणी आणि नदीतली मासळी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, शेतकरी जगाला अन्न पुरवतो, तेव्हा त्याच्या पाण्यावर आपण मासेमारांनी हक्क सांगणे बरे दिसत नाही, असे तुम्ही फोनवर म्हणालात. त्यामागचा तुमचा मोठेपणा मला कळतो, पण म्हणणे पटत नाही. तुम्हीही अन्नच पुरवता. जगभरच्या नद्या आणि तलावांतून दरवर्षी १ कोटी १० लाख टनांहून अधिक मासळी पकडल्याची नोंद होते, आणि घरीच खाल्ली जाणारी पुष्कळशी मासळी त्या नोंदीत येतही नाही. दुसरीकडे, माणूस उपसतो त्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला जाते; मात्र पाणीवाटपाच्या हिशेबात मासेमारीच्या नुकसानीसाठी बहुधा रकानाच नसतो.

हा रकाना नसला की काय होते, ते मध्य आशियातल्या अराल समुद्राकाठच्या मासेमारांनी भोगले. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाकडे वळवल्यावर तो समुद्र आटत आणि खारट होत गेला, आणि १९८० च्या दशकात तिथली मासेमारी बंद पडली. २००५ मध्ये समुद्राचा उत्तर भाग वेगळा राखणारा कोक-अराल बांध पूर्ण झाल्यावर त्या भागात पाणी वाढले, खारटपणा उतरला आणि मासे परतले. दक्षिण भागाला ते भाग्य लाभले नाही.

आई, पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर चढणीचे मासे विणीसाठी वर येतात, हे तूच मला शिकवलेस. नेमका तोच लोंढा धरण भरण्यासाठी अडवला जातो, आणि पुढे पिकांना पाळीपाळीने द्यायला भरपूर पाणी सुटले तरी विणीची वेळ टळून गेलेली असते. म्हणून केवळ ‘जास्त पाणी द्या’ असे न म्हणता, त्या थोड्या दिवसांत थोडा प्रवाह खाली येऊ द्या, अशी मागणी पाणीवाटपाच्या बैठकीत करावी असे मला वाटते. पाणी बंधाऱ्याच्या दाराखालून दाबाने सोडण्याऐवजी वरून सोडावे, हेही सांगायला हवे. ऑस्ट्रेलियात नदीतल्या माशांच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात दाराखालून जाणारी पिल्ले कितीतरी अधिक मेल्याचे आढळले.

उपसा पंप पाण्याबरोबर पिल्लेही ओढून घेतात, पण त्यावरून भांडण्याचे कारण मला दिसत नाही. पंपाच्या तोंडाशी बारीक छिद्रांची, पण पुरेशी मोठी जाळी बसवली की ओढ मंदावते, पिल्ले पोहून निसटतात आणि पंपात कचराही कमी अडकतो, म्हणजे त्यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. शेजारच्या बागायतदारांशी आधी हेच बोलावे.

पाणीवाटपाच्या बैठकीपूर्वी मला दोन गोष्टी लिहून पाठवा: कोणत्या पंधरवड्यात मासा चढतो, आणि उन्हाळ्यात कोणत्या डोहांत तो तग धरतो. त्यावरून मी अर्जाचा मसुदा तयार करते. सही मात्र तुम्हा दोघांचीही हवी, कारण जाळे आईही टाकते.

तुमची,
लेक